नाईलकाठची इबरत आणि चिंचणीचा ताम्रपट

उमरा आटोपून परतताना आम्ही सहा जणांनी वाट थोडी वाकडी केली आणि इजिप्तला गेलो. घरी हा बेत सांगितला तेव्हा निम्म्या नातेवाइकांनी विचारले, "तिथे काय आहे?" उरलेल्यांनी विचारले, "तिथे कशाला?" पहिल्या प्रश्नाला उत्तर होते. पिरॅमिड आहेत, नाईल आहे, फिरऔन आहे. दुसऱ्याला आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मक्का-मदिना पाहून आलेल्या डोळ्यांनी मूर्तींनी भरलेली देवळे आणि जालीम राजांची थडगी कशाला पाहायची? हा लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा शोध आहे.

हा प्रश्न प्रवासातही आमच्यासोबत होता, कारण आमचे मोठे मामू आमच्यासोबत होते. मामू बोईसरचे. चिंचणी-तारापूर-बोईसर पट्ट्यात डायमेकिंगचा जो धंदा घरोघर चालतो, त्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची, म्हणजे दागिन्याच्या पत्र्यावर ती सुलटी उठते. या कामाने त्यांची नजर बारीक झाली आणि मान कायमची थोडी वाकली. कैरोपर्यंत ते काही बोलले नाहीत. लक्सरला नाईल ओलांडून पश्चिम काठावरच्या राजांच्या दरीत गेलो, तिकिटे काढली, आणि पहिल्या थडग्याच्या तोंडाशी मामू थांबले.

"तुम्ही बघून या. मी इथे सावलीत बसतो."

"मामू, एवढ्या लांब आलात, आत नाही येणार?"

"ज्यांच्यावर अल्लाहचा गजब उतरला त्यांच्या घरात हसत-खिदळत जायचं नसतं, बाबा. मला रडू येत नाही. मग कशाला जाऊ?"

मामूंचे म्हणणे हवेतले नव्हते. प्रेषित मुहम्मद (स.) तबूकच्या मोहिमेवर असताना काफिला हिज्रच्या खडकात कोरलेल्या घरांवरून गेला. ती समूद लोकांची वस्ती मानली जाते. त्या वेळी प्रेषितांनी साथीदारांना बजावले की, ज्यांनी स्वतःवर जुलूम केला त्यांच्या घरांत शिरायचे तर रडत शिरा, नाहीतर शिरू नका. ही हदीस प्रसिद्ध आहे आणि मामूंना ती लहानपणापासून पाठ आहे.

पण आमच्याकडेही आधार होता. कुराणात एकदा नव्हे, अनेकदा माणसाला सांगितले आहे की पृथ्वीवर फिरा आणि तुमच्याआधी जे होऊन गेले त्यांचा शेवट काय झाला ते पाहा. न फिरता कसे पाहणार? आणि आत न जाता काय दिसणार? मामू सावलीत बसले, आम्ही आत गेलो. आमच्यातल्या दोघांनी भ्रमणध्वनी काढून छायाचित्रे घ्यायला सुरुवातही केली. छताभर निळा रंग, त्यावर पिवळ्या चांदण्या, भिंतीवर मेलेल्या राजाचा हात धरून त्याला पुढच्या जगात नेणारे देव. तीन हजार वर्षांपूर्वीचा रंग काल दिल्यासारखा ओला वाटत होता. पंधरा मिनिटांत बाहेर आलो. मामूंनी विचारले, "काय पाहिलंत?" आम्ही म्हणालो, "छान होतं." आणि आमचे आम्हालाच ते उत्तर कमी वाटले.

वाचकहो, येथे दोन आज्ञा एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत असे वरवर वाटते. एक म्हणते पाहा, दुसरी म्हणते जपून. परंतु थोडा विचार केला तर दोन्हींचे म्हणणे एकच आहे. हिज्रच्या हदीसमध्ये पाहण्याला बंदी नाही. कोरड्या डोळ्यांनी पाहण्याला आहे. आणि कुराण जे पाहायला सांगते ते भिंतीवरचे चित्र नाही, शेवट आहे. आपल्या भाषेत या पाहण्याला एक चांगला शब्द आहे, इबरत. अरबीत त्या शब्दाच्या मुळाशी 'ओलांडणे' हा अर्थ आहे. एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणे. जे दिसते त्यावरून जे दिसत नाही तिथवर जाणे. आम्ही होडीतून नाईल ओलांडली होती, थडग्यात मात्र याच काठावर राहिलो होतो.

मुसलमान आणि इजिप्तचे हे अवशेष यांचा संबंध काही आजचा नाही. आपल्यातले काही जण समजतात की जुन्या मूर्ती व थडगी यांच्याशी मुसलमानाचे नाते एकच, तोडण्याचे. इतिहास एवढा सरळ नाही. सलाहुद्दीन अय्यूबीचा मुलगा अल-अझीझ उस्मान याने ११९६ मध्ये गिझाच्या तीन पिरॅमिडांपैकी धाकटा पाडायला घेतला होता. माणसे लावली, आठ महिने खटपट केली, आणि एका बाजूला एक खाच पडण्यापलीकडे काही झाले नाही. ती खाच आजही दिसते. पिरॅमिडांवरचे गुळगुळीत दगड काढून कैरोतल्या इमारतींना वापरले गेले, हेही खरे.

पण त्याच काळात बगदादचा हकीम अब्दुल लतीफ इजिप्तमध्ये होता. त्याने पिरॅमिड पाहिले, जुने पुतळे पाहिले, त्यांच्या अवयवांचे प्रमाण एखाद्या शरीरशास्त्रज्ञाच्या नजरेने तपासले आणि पाडापाडी करणाऱ्यांना दोष दिला. त्याचे म्हणणे असे की, आधीचे शहाणे राजे हे अवशेष राखीत आले. ते राखले तर काळाचा हिशेब लागतो, आसमानी किताबांत ज्या कौमांचा उल्लेख आहे त्यांची साक्ष मिळते, आणि पूर्वीच्यांची बुद्धी व त्यांचा शेवट दोन्ही कळतात. म्हणजे आजचा पुरातत्त्ववाला जे सांगतो ते एक मुसलमान हकीम आठशे वर्षांपूर्वी सांगून गेला.

त्याच्यानंतरच्या पिढीतला अबू जाफर अल-इद्रीसी, मृत्यू १२५१. त्याने पिरॅमिडांवर एक ग्रंथच लिहिला. त्यात तो एक किस्सा देतो. मगरिबचा एक विद्यार्थी हज करून घरी परतला आणि गुरूच्या भेटीला गेला. गुरूने पिरॅमिडांबद्दल विचारले. विद्यार्थी म्हणाला, वाटेत होते, पण पाहिले नाहीत. गुरू असा नाराज झाला की बिचारा विद्यार्थी पुन्हा एवढी वाट तुडवून ते पाहायला गेला. हा किस्सा आम्ही संध्याकाळी हॉटेलात मामूंना सांगितला. मामू हसले. म्हणाले, "म्हणजे तुमचे नातेवाईक सापडले तुम्हाला!"

दुसऱ्या दिवशी मामूंनीच एक मार्ग काढला. राजांच्या दरीपासून डोंगराच्या अलीकडे देर अल-मदिना नावाची जागा आहे. ज्या कारागिरांनी राजांची थडगी कोरली व रंगविली, त्यांचे ते गाव. घरांची जोती अजून शिल्लक आहेत, भिंतीला भिंत लागून, आपल्याकडच्या चाळीसारखी. या कारागिरांनी सुट्टीच्या दिवशी आपल्या स्वतःसाठीही लहान लहान थडगी खोदली. तिसऱ्या रामेसिसच्या राज्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास, त्यांना धान्याचा वाटा वेळेवर मिळेना, तेव्हा त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि जाऊन देवळामागे बसले. लेखी नोंद असलेला जगातला हा पहिला संप मानतात. ती नोंद पपायरसवर आहे आणि आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे.

हे ऐकून मामू उठले. "हे जालीम नव्हते. हे आपल्यातले. यांच्याकडे येतो." सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या थडग्याचे दार इतके बुटके आहे की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मामूंना वेगळे वाकावे लागले नाही. खोली आपल्या पडवीएवढी. भिंतीवर तो कारागीर आणि त्याची बायको दोघे मिळून शेत नांगरताना, पीक कापताना. मेल्यानंतरच्या जन्नतीचे त्याचे चित्र म्हणजे भरपूर पाणी असलेले शेत. मामू एका रेषेजवळ चेहरा नेऊन खूप वेळ उभे राहिले. मग हलकेच म्हणाले, "हात थरथरला नाही याचा कुठे." आणि त्यांनी डोळे पुसले. दिव्याच्या उजेडाने पाणी आले असेल, असे ते नंतर म्हणाले.

आमच्या मनात मात्र त्या वेळी एक गोष्ट स्पष्ट झाली. आदल्या दिवशी आम्ही राजाचे थडगे पाहिले ते राजाचे म्हणून पाहिले. भिंतीवर नाव राजाचे, चित्र राजाचे, स्तुती राजाची. कोरणारा हात आम्हाला दिसलाच नाही. जुलूम करणाऱ्याची एक खोड असते. तो दुसऱ्याच्या हातांनी काम करवतो आणि त्यावर आपले नाव कोरतो. आणि पाहणारा ते नाव वाचून निघून जातो. म्हणजे तीन हजार वर्षांनंतर त्या जुलमात आपलाही थोडा वाटा पडतो.

कैरोला परतल्यावर ममी पाहिल्या. पूर्वी त्या तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयात होत्या. ३ एप्रिल २०२१ रोजी बावीस राजे-राण्यांच्या ममी वाजतगाजत मिरवणुकीने फुस्तातच्या नव्या संग्रहालयात आणल्या. फुस्तात म्हणजे हजरत अम्र बिन अल-आस यांनी वसविलेले शहर. आफ्रिकेतली पहिली मशीद त्यांच्याच नावाने येथे उभी आहे. मशिदीत दोन रकात नमाज पढून आम्ही फिरऔनला पाहायला गेलो, असा तो दिवस.

आपल्या लोकांना तेथे ओढून नेणारी गोष्ट वेगळीच आहे. हजरत मूसा (अ.) यांचा पाठलाग करणारा फिरऔन बुडाला आणि पुढच्यांना निशाणी म्हणून त्याचे शरीर राखले गेले, हे आपण कुराणात वाचलेले असते. तो फिरऔन नेमका कोणता याबद्दल इतिहासकारांचे एकमत नाही. कोणी दुसऱ्या रामेसिसचे नाव घेतो, कोणी त्याच्या मुलाचे, कोणी आणखी कोणाचे. पण दालनात शिरताना प्रत्येकाच्या मनात 'तो' असतो. आतला उजेड मंद आहे. छायाचित्रे काढायला मनाई आहे. काचेच्या पेटीत दुसरा रामेसिस निजलेला. नव्वदीच्या घरात वारलेला म्हातारा. लालसर केस, बाकदार नाक, वर उचलल्यासारखा एक हात. आम्ही जालीम पाहायला गेलो होतो. दिसला तो एक वाळलेला म्हातारा, आमच्या आजोबांच्या शेवटच्या दिवसांची आठवण करून देणारा.

मनात दोन विचार एकाच वेळी आले आणि दोन्ही खरे वाटले. पहिला विचार गर्वाचा शेवट पाहण्याचा. ज्याने डोंगरात आपले पुतळे कोरविले त्याला आता स्वतःच्या चेहऱ्यावर फडके ओढण्याचीही सत्ता नाही. दुसरा विचार लाजेचा. प्रेषितांसमोरून एकदा एका यहुदी माणसाचा जनाजा गेला तेव्हा ते उठून उभे राहिले. कोणी म्हणाले, हा तर यहुदी. त्यावर त्यांनी उलट विचारले की, तोही जीवच नव्हता का? मग हा जीव नव्हता का? आपण आपल्या मयतीला लवकर मातीआड करतो, तिचा चेहरा परक्याला दाखवीत नाही, कबरीवर पाय देत नाही. तिकीट काढून दुसऱ्याच्या मयतीचा चेहरा पाहणे कसे चालते? निशाणी म्हणून पाहायचे असेल तर एकदा पाहावे, मान खाली घालावी आणि बाहेर यावे. आम्ही तेवढेच केले. हे बरोबर की चूक, याचा निकाल द्यायला आम्ही मुफ्ती नव्हे. पण हा प्रश्न मनात न येता जो त्या दालनातून बाहेर पडतो, त्याने काही पाहिले नाही, असे आमचे मत झाले.

इबरत घेण्यातला खरा धोका येथेच आहे. फिरऔन कोण, असे विचारले की आपले बोट नेहमी दुसऱ्याकडे जाते. त्याच्या गोष्टीत आपण स्वतःला आपोआप मूसांच्या (अ.) काफिल्यात उभे करतो. बुडणाऱ्यांत आपण असू शकतो, हे मनालाही शिवत नाही. हिज्रच्या हदीसमध्ये रडायला सांगितले ते त्या मेलेल्यांसाठी नाही. त्यांच्यावर आले ते तुमच्यावर येऊ नये म्हणून. म्हणजे हे रडणे स्वतःसाठी आहे.

हे पुढे अबू सिम्बलला अधिक कळले. आस्वानचे मोठे धरण १९६० ते १९७० या काळात बांधले गेले. त्याच्या पाण्याखाली दुसऱ्या रामेसिसची देवळे जाणार होती. युनेस्कोने १९६० मध्ये जगाला हाक दिली. पन्नासच्या आसपास देशांनी मदत केली. आपल्या पुरातत्त्व खात्याचे पथकही न्यूबियात उत्खननासाठी गेले होते. १९६४ ते १९६८ या चार वर्षांत सारा डोंगर करवतीने कापून, तुकड्यांना क्रमांक देऊन, पासष्ट मीटर उंच पुन्हा जोडला. सुमारे चार कोटी डॉलर खर्च झाले. आज तेथे उभे राहिले तर जोड दिसत नाही. पाहून माणसाच्या बुद्धीला सलाम करावासा वाटतो.

त्याच पाण्याखाली न्यूबियन लोकांची गावे गेली. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार न्यूबियन माणसांना उचलून उत्तरेकडे कोम ओम्बोच्या भागात नेऊन वसविले. ते मुसलमान. नदीकाठी खजुरीच्या सावलीत राहणारे. नवी वसाहत नदीपासून लांब. त्यांची घरे, त्यांच्या बापजाद्यांच्या कबरी पाण्याखाली राहिल्या. देऊळ जसेच्या तसे हलविता आले. गाव हलविता आले नाही, कारण गाव म्हणजे दगड नव्हे. आमचा न्यूबियन गाडीवाला मोडक्या इंग्रजीत हे सांगत होता आणि खिडकीतून तलावाकडे बोट दाखवीत होता. मामूंनी आम्हाला मराठीत विचारले, "पोफरण म्हणतोय का हा?"

तो पोफरण म्हणत नव्हता. पण मामूंना तेच ऐकू आले. पालघर-बोईसरकडच्या वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. देशातले ते पहिले. तिसरी व चौथी अणुभट्टी २००५-०६ मध्ये सुरू झाली. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली. गावकऱ्यांना दुसरीकडे घरे मिळाली. समुद्र मिळाला नाही. ज्याचा धंदा होडीचा आहे त्याला समुद्रापासून लांब घर देणे म्हणजे काय, हे नाईलपासून लांब नेलेल्या न्यूबियनला समजावून सांगावे लागत नाही. आम्हीही त्या केंद्राचे मीठ खाल्लेले आहे. आमच्या नात्यातली मुले तेथे नोकरीला लागली, घरी पंखे फिरले, बोईसर वाढले, मामूंच्या डायांना गिऱ्हाईक वाढले. म्हणून तर हा प्रश्न आमच्यावर उलटतो. अबू सिम्बल पाहताना आम्ही न्यूबियनांसाठी हळहळलो. पोफरणच्या वेळी आम्ही कुठे होतो?

घरी परतल्यावर काही दिवसांनी आम्ही चिंचणीला गेलो. बोईसरहून रिक्षाने अर्ध्या तासाची वाट. वाळू तुडवीत मामूंना एक गोष्ट सांगितली. ती या भागातल्या प्रत्येक मुसलमानाला माहीत असायला हवी आणि फारच थोड्यांना माहीत आहे.

या चिंचणीत १९५५ च्या सुमारास काही ताम्रपट सापडले. पुराभिलेखांचे जाणकार दि. चं. सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा. त्यात संयान मंडळाच्या, म्हणजे डहाणूच्या पुढे असलेल्या संजानच्या भागाच्या अधिपतीचे नाव आहे मधुमती. संस्कृत लिहिणाऱ्याने 'मुहम्मद' हे नाव असे कानाला गोड करून घेतले. तो ताजिक कुळातला, म्हणजे अरब. बापाचे नाव सहियारहार, ते शहरयारवरून आले असावे. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्याला हा मुलूख सोपविला होता. एका ब्राह्मणाने तेथे भगवती देवीची मठिका बांधली. तिच्या डागडुजीसाठी, नैवेद्यासाठी आणि तेथल्या विद्वानांच्या जेवणासाठी गावाचे व जमिनीचे दान दिले गेले, ते या मुहम्मदच्या हातून, राजाच्या संमतीने. शिवाय या अधिपतीने दोन नद्यांवर फुकट तरी सुरू केल्या आणि एक अन्नछत्र घातले, जेथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे, असेही ताम्रपट सांगतो. मठिका पुढे टिकली. शंभरएक वर्षांनी, १०३४ मध्ये, याच मठिकेला दिव्याच्या तेलासाठी एक घाणा मिळाल्याची नोंद त्याच ताम्रपटांपैकी दुसऱ्यात आहे.

ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा आमची छाती फुगली होती, हे कबूल करायला हवे. 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न आम्ही जन्मभर ऐकत आलो. रेल्वेच्या डब्यात, घर भाड्याने शोधताना, शाळेत. वाटले, घ्या, हा आमचा दाखला. अकराशे वर्षांचा, तांब्यावर कोरलेला. पण नाईलकाठी जे पाहिले त्यानंतर हा ताम्रपट आम्ही वेगळा वाचू लागलो. दाखला म्हणून जो इतिहास वाचतो तो पुन्हा राजाचे नाव वाचून निघून जातो. आपल्यातला एक सुभेदार येथे राज्य करीत होता, एवढ्यावर तो खूश होतो. त्या सुभेदाराने काय केले, हा प्रश्न तो विचारत नाही. आणि मधुमतीने काय केले? नदी ओलांडणाऱ्याकडून पैसे घेतले नाहीत. भुकेल्याला फुकट वाढले. आपल्या दीनात नसलेल्या देवीच्या घराला जमीन मिळाली तेव्हा आडवा आला नाही. कोणी म्हणेल, तो राजाचा नोकर होता, त्याला दुसरा इलाज काय होता? असेल. पण फुकट तर आणि अन्नछत्र यांची सक्ती त्याच्यावर कोणी केली असेल असे वाटत नाही.

लक्सरच्या देवळात एक मशीद आहे, अबुल हज्जाज या तेराव्या शतकातल्या सूफीच्या नावाची. शतकानुशतके गाळ व ढिगारे साचून जमीन इतकी वर आली होती की मशीद बांधली तेव्हा देऊळ गळ्यापर्यंत बुजलेले होते. पुढे १८८० च्या दशकात उत्खनन सुरू झाले, देऊळ मोकळे झाले आणि मशिदीचे जुने दार भिंतीत अधांतरी, हात पोचणार नाही इतके उंच राहिले. त्याच जागी मशिदीआधी चर्च होते. आम्ही खाली उभे राहून ते दार पाहिले. कोणाचा भूतकाळ कोणाच्या खाली आणि कोणाचा वर, याचे भांडण काढायचे ठरविले तर त्या एका भिंतीवर जगभराची डोकी फुटतील. तेथे अजून अजान होते, देवळाचे खांबही उभे आहेत.

आम्ही जे उत्तर शोधत होतो ते आम्हाला तीन शब्दांत सापडले. पूर्वीच्यांचे अवशेष पाहण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली तमाशा, दुसरी इबरत, तिसरी अमानत. तमाशा म्हणजे 'छान होतं' म्हणून बाहेर येणे. इबरत म्हणजे त्यांच्या शेवटात आपला शेवट पाहणे. आणि अमानत म्हणजे, जे त्यांनी मागे ठेवले ते आपल्या धर्माचे असो वा नसो, आपल्या हाती काही काळापुरते आले आहे आणि ते पुढच्याच्या हाती द्यायचे आहे, हे ओळखणे. अमानतीत मालकी येत नाही. तिची फक्त जबाबदारी येते. चिंचणीचा ताम्रपट आमचा दाखला नाही, आमच्यावरची जबाबदारी आहे. ज्या मुलखात एका मुहम्मदने फुकट तर चालविली, तेथे आपण कोणाला पैलतीरी नेतो, हा त्याचा अर्थ.

समुद्राच्या काठाने दक्षिणेला पाहिले की अणुकेंद्राच्या इमारती दिसतात. मामूंनी तिकडे पाहात विचारले, "त्याचा कचरा कुठं जातो रे?" जे माहीत होते ते सांगितले. सर्वांत जहाल कचरा तारापूरच्याच कारखान्यात वितळलेल्या काचेत मिसळतात, पोलादी डब्यांत बंद करतात आणि वर्षानुवर्षे थंड करीत ठेवतात. पुढे केव्हातरी खोल जमिनीत पुरायचा. त्यातल्या काही घटकांचा जोर हजारो वर्षे टिकतो. असा कचरा पुरला ती जागा दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला कशी कळवायची, आपली भाषा तर तोवर राहणार नाही, यावर पाश्चात्त्य देशांत विद्वानांच्या समित्या बसल्या आहेत. पिरॅमिड साडेचार हजार वर्षांचे आहेत. म्हणजे आपण पिरॅमिडहून टिकाऊ असे काही मागे ठेवणार आहोत. फिरऔनांनी आपल्या थडग्यांना दारे लावली, खोट्या वाटा केल्या, तरी चोर आत शिरले. शेवटी पुजाऱ्यांना राजांची शवे उचलून एका आडबाजूच्या कपारीत लपवावी लागली. तीही १८८१ मध्ये सापडली. फिरऔनांच्या थडग्यात शिरणाऱ्याला सोने मिळाले. आपल्या थडग्यात शिरणाऱ्याला काय मिळेल?

मामू बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "डाय करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपण कोरतो ते उलटं असतं. सुलटं उठतं ते दुसऱ्याच्या हातात, आपण नसताना. म्हणून चूक आत्ताच बघायची."

नातेवाइकांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एवढेच देऊ. तिथे गेलो ते आपण मागे काय कोरून ठेवतो आहोत, हे वेळेवर पाहता यावे म्हणून. त्या दिवशी मगरिबच्या अजानीपर्यंत आम्ही वाळूत बसून होतो. उठताना मामूंनी दोन्ही हात वर केले आणि पुटपुटले. काय मागितलेत, असे विचारले. म्हणाले, "त्या सेन्नेजेमचा हात मागितला. आणि मधुमतीचं काळीज."